जिच्या नावाने आंघोळ केलीत, तिच्या घरून

पोर्टलीश, २९ मार्च २०२०

अहो,

नमस्कार. साष्टांग नाही, गुडघा धरलाय. इथल्या थंडीने धरलाय, तुमच्या वागण्याने नव्हे, तेव्हा लगेच मनाला लावून घेऊ नका.

मी फोन केला की तुम्ही शेजारच्या नंदकुमार भावोजींना हाक मारून तो त्यांच्या हातात देता. शेजाऱ्याकडे मी नवऱ्याची चौकशी किती दिवस करायची? म्हणून हे पत्र. हाताने लिहून, फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवतेय. अबोला तुमचा आहे, माझा नाही. मी बोलणार. निळ्या खुणा झाल्या की तुम्ही वाचलंत हे मला कळतं, तेवढं पुरे.

विमानं बंद झाल्याचं पेपरात वाचलं असेलच. मनात म्हणाला असाल, बरी जिरली. नाही जिरली. स्वरूपाचे दिवस भरत आलेत आणि मी तिच्याजवळ आहे. आईने लेकीच्या बाळंतपणाला जाऊ नये असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय ते दाखवा, मी पोहत परत येते.

तिने डेक्लनशी रजिस्टर लग्न केल्याचं कळलं त्या दिवशी तुम्ही तिच्या नावाने डोक्यावरून आंघोळ केलीत. मला म्हणालात, तूही कर. मी पाणी तापवलं आणि त्या पाण्याने भांडी घासली. तेव्हापासून आपल्या घरात तिचं नाव निघालं नाही. आता इथे ते मी दिवसातून शंभरदा घेते आणि मला फार बरं वाटतं.

आता कुठे आहे ते ऐका. या दोघांचं भाड्याचं घर मालकाने विकायला काढलं, म्हणून ती डेक्लनच्या आईवडिलांकडे राहायला आली. म्हणजे मी चक्क व्याह्यांच्या घरी मुक्काम ठोकलाय. कौन्सिलची, म्हणजे नगरपालिकेची, एकाला एक चिकटलेली घरं, पुढे हातभर अंगण, मागे थोडं गवत. व्याही मॉसी डिलेनी कचऱ्याची लॉरी चालवतात. विहीण बर्नी शाळेच्या स्वयंपाकघरात आहे, शाळा बंद म्हणून सध्या घरी आणि माझ्या डोक्यावर. जावई हॉस्पिटलात पेशंटच्या ट्रॉल्या ढकलतो, तिथेच आपल्या डॉक्टरीणबाईंशी गाठ पडली. हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे, कारण ‘कचरेवाला आणि वॉर्डबॉय’ हे शब्द तुम्ही सबंध साताऱ्याला ऐकवलेत. मी पुन्हा लिहिलं ते एवढ्यासाठी, की मला लिहायला लाज वाटत नाही.

डेक्लन सध्या घरात येत नाही. कोविडच्या वॉर्डात काम आहे, म्हणून दारासमोर एक जुनी कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरची खोली, लावून तिच्यात झोपतो. संध्याकाळी खिडकीपाशी येतो, स्वरूपा आतून काचेला पोट लावते, तो बाहेरून हात लावतो. तुम्ही असतात तर तोंड फिरवलं असतंत. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले आणि मग त्याला पिठलं-भात पाठवला.

बर्नी तुमची रोज चौकशी करते. ‘हाऊज हिमसेल्फ?’ म्हणते. इथल्या आयरिश बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, ‘हिमसेल्फ’ म्हणतात. मी म्हटलं, बाई गं, आमच्याकडे ‘हे’ म्हणतात. त्या दिवसापासून आमचं जमलं.

वसुधा


१६ एप्रिल २०२०

अहो,

मुलगी झाली. नऊ तारखेला, सुखरूप. बाळ-बाळंतीण छान आहेत. फोटो पाठवला होता. त्यावर तुमचा पहिलावहिला मेसेज आला: ‘मागील पत्रात दुसऱ्या पानावर दोन चुका. उजळणी करणे.’

निवृत्त झालात तरी मुख्याध्यापकाची खुर्ची काही तुमच्या बुडाखालून सुटली नाही. नात झाल्याचं कळवलं तर माणूस पेपर तपासतो! स्वरूपाला दाखवला मेसेज. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, ‘आई, म्हणजे बाबा वाचतात.’

आता जे झालं ते सांगते. सांगू नये असं स्वरूपाचं मत आहे. तिचं मत मी ऐकून घेतलं.

परवा सहावी रात्र होती. सटवाई पुजायला नको? पाटा-वरवंटा कुठून आणू? बर्नीचा भाजी चिरायचा फळा घेतला आणि त्यावर लाटणं ठेवलं. हळदकुंकू मी बरोबर आणलंच होतं. स्वरूपाच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही, म्हणून खाली स्वयंपाकघरातल्या टेबलावर सगळं मांडलं. दिवा, कोरा कागद, पेन. स्वरूपा म्हणाली, ‘आई, मी डॉक्टर आहे गं.’ मी म्हटलं, ‘तुझ्या वेळी कागद ठेवला होता, म्हणूनच झालीस.’

सकाळी खाली आले, तर कागदावर अक्षरं!

आजवर सटवाईचं अक्षर कुणी बघितलेलं नाही, आणि मला दिसलं तर इंग्रजीत! चष्मा लावला. लिहिलं होतं: ‘मॉसी, आज ब्राऊन बिन बाहेर काढ. विसरू नकोस. गोळी घे. देव सांभाळो. बी.’ आणि खाली, वेगळ्या अक्षरात: ‘झालं. एम.’

त्याचं असं आहे, की या घरात मॉसी उजाडायच्या आत कामाला जातात, म्हणून बर्नी त्यांच्यासाठी टेबलावर चिठ्ठी ठेवते. गावभर कचरा उचलणारा माणूस स्वतःच्या घरचा डबा मात्र दर आठवड्याला विसरतो. पाणी प्यायला ती उठली, तर टेबलावर दिवा लावलेला, कागद-पेन तयार. तिला वाटलं, वसुधाने किती छान सोय करून ठेवलीय.

मी तिला खुर्चीत बसवून कागद कशासाठी होता ते सांगितलं. मुळात गोरी, ती आणखी पांढरी पडली. ‘जीझस, मेरी अँड जोसेफ,’ म्हणाली आणि छातीवर क्रूस काढला. मग विचारते कशी, ‘नवीन कागद ठेवला तर चालेल का?’ मी म्हटलं, सटवाईच्या लिहिण्यात खाडाखोड नसते. तेवढ्यात आपली लेक जिन्यात पोट धरून हसताना दिसली, टाके दुखतायत म्हणून ओरडतेय आणि हसतेय. मग मलाही हसू आवरेना. बर्नी एकटी गंभीर होती, शेवटी तिचाही बांध फुटला.

तर तुमच्या नातीच्या कपाळी लिहिलंय: कचरा बाहेर काढ, विसरू नकोस, औषध घे, देव सांभाळो. मला यात काडीचं वाईट दिसत नाही. माझ्या कपाळी याच्या निम्मं असतं तरी पुष्कळ झालं असतं.

वसुधा


२० एप्रिल २०२०

अहो,

अखेर फोन केलात. ओरडायला का होईना.

तुम्ही जे ओरडलात त्यातलं पहिलं वाक्य मी मनात जपून ठेवलंय. ‘माझ्या नातीच्या कपाळी कचरा?’ माझ्या नातीच्या! जीभ घसरली म्हणा हवं तर, पण घसरली ती योग्य जागी घसरली.

पुढचं मात्र ऐकायला गोड नव्हतं. शांत करायची. बारसं साताऱ्याला आपल्याच घरात व्हायचं. नाव तुमच्या आईचं, गोदावरी. तोवर तिला कुणी नावाने हाक मारायची नाही आणि ‘त्या लोकांनी’ कशाला हात लावायचा नाही. स्वरूपाचं काय, विचारलं तर म्हणालात, ‘कोण स्वरूपा?’ अहो, नात तुमची आणि तिची आई कुणी नाही, अशी नात कुठल्या झाडाला लागते ते तरी सांगा!

स्वरूपा शेजारीच उभी होती. तिने ऐकलं. ती बाळाचे कपडे घडी करत राहिली, केलेल्याच घड्या मोडून पुन्हा घालत. मला तुमचा जेवढा राग आला, तेवढा आपल्या लग्नापासून कधी आला नव्हता. आणि माझे रागाचे प्रसंग काही कमी नाहीत.

‘ते लोक बाटवतील’ अशी तुम्हाला भीती आहे. ती खरी ठरली, कळवून टाकते. इथे चर्चमधले नामकरणाचे विधी बंद आहेत. काल मी स्वयंपाकघरात गेले, तर बर्नी बाळाला सिंकवर धरून उभी, हातात माता मेरीच्या आकाराची प्लॅस्टिकची बाटली, तिचा मुकुट म्हणजे झाकण. तीर्थाचं पाणी बाळाच्या डोक्यावर शिंपडत होती. मला बघून तिच्या हातातली बाटली पडली. ‘तुमच्या देवांच्या वर नाही हं, नुसतं त्यांच्या जोडीला,’ म्हणाली. मी काय बोलणार? तिला न विचारता मी तिच्या टेबलावर सटवाई पुजली, मला न विचारता तिने सिंकवर बाप्तिस्मा उरकला. फिटंफाट. मी बाळाचं डोकं पुसलं आणि आम्ही चहा घेतला. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, इथली विजेची आहे इतकंच.

वसुधा


५ जुलै २०२०

अहो,

एम्बसीतून फोन आला. मायदेशी जाणाऱ्या खास विमानात माझी जागा पक्की झाली म्हणे, बारा तारखेची. मी म्हटलं, मी तर नाव दिलंच नव्हतं. तर तुम्ही दिलंत! कुठल्याशा माजी विद्यार्थ्याच्या ओळखीने. आणि मागोमाग तुमचा मेसेज: ‘१२ तारखेस निघणे. न आल्यास हे दार बंद समजावे.’

मी तुमचा मेसेज पुन्हा पुन्हा वाचला. आयुष्यभर तुम्ही ‘निघणे’ म्हणालात की मी निघालेय. बदलीच्या प्रत्येक गावी, डोक्यावर स्टोव्ह आणि काखेत पोरगी घेऊन. पिशवी भरायलाही घेतली मी. बर्नीने दारातून पाहिलं. तिने अडवलं नाही, जा म्हणाली नाही, खाली जाऊन किटली लावली. या घरात कुणाचा बाप मरो की बैल हरवो, आधी किटली लागते.

चहा पिताना मी तिला सगळं सांगितलं, माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत. ती म्हणाली, ‘वॅस, तुला स्वतःला काय हवंय?’

मी कप रिकामा केला आणि तिला सांगितलं. मला काय हवंय ते तुम्हालाही सांगते. मला तुम्ही हवे आहात. घरही हवंय, तुळस हवीय, संध्याकाळी राजवाड्यापर्यंतचा फेरफटका हवाय. पण लेकीला मेलेली म्हणून त्या घरात पाऊल टाकायचं असेल तर मला नको. दोन वर्षं मी तसं जगून बघितलं. जमलं नाही.

तेव्हा माझी जागा मी एम्बसीला सांगून दुसऱ्या कुणाला तरी द्यायला लावली. किलकेनीच्या हॉस्पिटलातल्या एका मराठी डॉक्टरची आई अडकलीय, सासवडची, तिला मिळाली असं कळलं. तिचा घरधनी तिची वाट बघतोय म्हणे. नुसती वाट बघतोय, हुकूम सोडत नाही.

आणि बारा तारखेला बारसं आहे. इथे, मागच्या गवतावर. आता गावाबाहेर जायची बंदी उठलीय, तेव्हा डेक्लनची बहीण शिनेड किलकेनीहून येणार. नाव आत्याने ठेवायचं असतं. आजोबांनी ठेवायचं असतं असं मी कुठे ऐकलं नाही. तुम्हाला मान द्यायचा म्हणून मी ‘गोदावरी’ तिच्या कानावर घालीन. पुढे तिचा अधिकार.

वसुधा


१३ जुलै २०२०

अहो,

कालचा वृत्तान्त. दार बंद असलं तरी फटीतून वाचाल.

पाळणा कुठून आला ते विचारू नका. विचारालच, म्हणून सांगते: कचऱ्यातून. कुणीतरी चांगला लाकडी पाळणा टाकून दिला होता. मॉसींनी आणला, घासला, मोडकी दांडी बदलली, निळा-पांढरा रंग दिला. त्यांच्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, खेळाच्या संघाचे रंग आहेत म्हणे. ते पेन्सिल कानावर ठेवून तो रंग वाळायची वाट बघत बसले होते, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की व्याह्यांच्या पाया पडावं. पडले नाही. घाबरले असते बिचारे.

घुगऱ्या केल्या. शेजारी बर्नीने हॅमचे सँडविच मांडले, मी मधे काकडीची ताटली ठेवून सीमा आखली. पाऊस यायचा तो आला, गेला, पुन्हा आला. कुणी जागचं हललं नाही. इथे पावसाला कुणी भीक घालत नाही. मग मी मॉसींना आणि बर्नीला पाळण्याच्या दोन बाजूंना उभं केलं आणि ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ म्हणायला लावलं. मॉसी ‘गोविन घ्या’ म्हणाले आणि बाळाला असं जपून धरलं, की बर्नी ओरडली, ‘सोड आता तिला, मॉसी!’ डेक्लनने मास्क लावून लांबूनच सगळं पाहिलं. परवा टेस्ट करून आला होता, तरी जवळ आला नाही. स्वरूपाने माझी पैठणी नेसली होती.

मग शिनेड. केस कापायचं दुकान आहे तिचं, नुकतंच पुन्हा उघडलंय. तिला समजावलं, कानात ‘कुर्र’ करून नाव सांगायचं. पण आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे असतात हे सांगायचं राहून गेलं! ती वाकली मात्र, मी आणि स्वरूपाने दणादण घातले. तिला वाटलं, तिच्या घशात काही अडकलंय असं आम्हाला वाटतंय. ‘आयॅम ग्रँड, आयॅम ग्रँड!’, म्हणजे मी ठीक आहे, म्हणून ओरडायला लागली. शेजारच्या घरातून लोक कुंपणावर चढले.

सगळं शांत झाल्यावर तिने मला बाजूला घेतलं. मी ‘गोदावरी’ सांगितलं, प्रामाणिकपणे, तुमच्या आईचं म्हणून. तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘आणि तुझं नाव काय होतं? आधीचं?’

एकदा बर्नीला बोलता बोलता सांगितलं होतं मी, की लग्नात तुम्ही ताटातल्या तांदळात अंगठीने लिहून माझं नाव बदललंत. ती म्हणाली होती, ‘आणि जुनं कुठे गेलं?’ बर्नीने हे शिनेडला सांगितलेलं.

मी म्हटलं, ‘नंदिनी.’ म्हणताना माझाच आवाज मला अनोळखी वाटला. आई गेल्यापासून ते नाव कुणी घेतलं नव्हतं.

शिनेड पाळण्यावर वाकली. ‘कुर्र. नंदिनी डिलेनी.’

मी रडले. हमसून हमसून, गवतात बसून, सगळ्यांसमोर रडले. बर्नीने मिठी मारली. बाळाला भूक लागली होती, तीही रडायला लागली, आणि कोण कशासाठी रडतंय कुणाला काही कळेना.

तुमच्या आईचं नाव गेलं याचं वाईट वाटून घेऊ नका. मुलींची नावं जातात, त्याची आम्हाला सवय आहे. मी सही वसुधाच करीन, काळजी नको. इतकी वर्षं वापरलंय, अंगाला बसलंय.

वसुधा


२४ जानेवारी २०२१

अहो,

‘यापुढे पत्र पाठवू नये’ हा तुमचा मेसेज बारशानंतर आला. त्यानंतर मी दहाबारा पत्रं पाठवली, सगळ्यांवर निळ्या खुणा. नंदकुमार भावोजी सांगत होते, तुम्ही नंदिनीचा फोटो दोन बोटांनी मोठा करून बघता आणि कुणी आलं की पेपर पुढे धरता. खोटं असेल तर तसं लिहून कळवा.

आज लिहायचं कारण वेगळं. डेक्लनला कोविड झाला. चारच महिने कॅराव्हॅन सोडून घरात येऊन झाले होते. श्वास पुरेना, म्हणून ज्या हॉस्पिटलात काम करतो तिथेच न्यावं लागलं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या ट्रॉल्या ढकलल्या, परवा दुसऱ्या कुणी त्याची ढकलली. स्वरूपा त्याच इमारतीत ड्यूटीवर, पण तिला त्याच्या खोलीत जायची परवानगी नाही. घरी येते, आंघोळ करते, नंदिनीला घेते आणि भिंतीकडे बघत बसते. मॉसी लॉरी चालवायला जातात, कारण कचरा थांबत नाही. बर्नी जपमाळ सोडत नाही. मी रोज गणपतीला सांगते, त्या मेरीबाईंशी एकदा बोलून घे, दोघं मिळून काय ते बघा.

काल नंदकुमार भावोजींचा फोन आला. ‘वहिनी, सहज विचारतोय, जावयाची तब्येत कशी आहे?’ मागे तुमचा खोकला ऐकू आला. चाळीस वर्षं ऐकलाय, दुसऱ्या कुणाचा असेल होय? मी म्हटलं, ‘भावोजी, ज्याला जाणून घ्यायचंय त्याने स्वतः विचारावं. इथे दुसऱ्याच्या तोंडून विचारपूस चालत नाही.’ आणि फोन ठेवला.

कठोर वाटलं असेल. वाटू दे. पोरीच्या नवऱ्याच्या जिवावर बेतलंय, आणि तुम्ही शेजारी पुढे करता!

वसुधा


२५ जानेवारी २०२१

अहो,

मेसेज मिळाला. ‘ताप उतरला का?’

हो, उतरला. ऑक्सिजन काढलाय. आज दोन घास खाल्ले.

स्वरूपाला मेसेज दाखवला. ती फोन छातीशी धरून जिन्यात बसलीय. मी तिला उठवलं नाही.

वसुधा


९ मे २०२१

अहो,

बातम्या बघतोय आम्ही. साताऱ्याचं नाव इथल्या टीव्हीवर यावं, आणि ते अशा कारणाने यावं! कुणाकुणाचं कळलं. वाईट झालं. तुम्ही फिरायला जायचं बंद करा. दूधवाल्याला पिशवी दाराला अडकवायला सांगा. भाजी धुवा. मला खोटं सांगू नका की धुता, तुम्हाला भाजी धुता येत नाही.

मी जीव मुठीत धरून बसलेय. तुम्हाला काही झालं तर हा सगळा वाद मी कुणाशी घालू?

स्वरूपा काल म्हणाली, ‘मी फोन करते. मुलगी म्हणून उचलला नाही, तर डॉक्टर म्हणून सांगीन.’ तिने केला. तुम्ही उचललात. तीन वर्षांनी बापलेक बोलले, आणि काय बोललात तर ‘ऑक्सिजन शहाण्णव’! आणि ठेवून दिलात. ती पोर नाचत खाली आली, ‘आई, शहाण्णव! शहाण्णव!’ शहाण्णवला आनंद झाला की तुमच्या आवाजाला, मी विचारलं नाही. मॉसींनी टोपी काढली आणि म्हणाले, ‘फेअर प्ले टू हिमसेल्फ,’ म्हणजे शाबास त्यांची.

आता ती रोज फोन करणार आहे. तुम्ही आकडा सांगा आणि ठेवा. आकड्यापुढे काही बोलावंसं वाटलं तर बोला. बोलणं अंगाला बाधत नाही, मी हे खात्रीने सांगू शकते.

वसुधा


२१ नोव्हेंबर २०२१

अहो,

तुमचं पत्र मिळालं. खरंखुरं, पाकिटातलं, तिकीट लावलेलं. माझ्या नावाचं. शुद्धलेखन अर्थातच निर्दोष.

लिहिलंत, ‘तू आता ये. घर तुझेच आहे. मी रागावलो नाही. मात्र एकटी ये. त्या मंडळींचे पुढे यथावकाश पाहू. गावाला तोंड द्यावे लागते, तू समजून घे.’

समजून घेतलं. नेहमीच घेते. तुम्हाला हे लिहायला किती जड गेलं असेल ते मला कळतं. अक्षर दोन ठिकाणी हललंय. मी पत्र उशाशी ठेवून झोपले. तुमची मला इतकी आठवण येते, की कधीकधी मॉसी पेपर वाचताना घसा खाकरतात तरी मी वळून बघते. पण आठवण येते म्हणून मी मान खाली घालून येणार नाही. आणि एकटी तर नाहीच.

इंडियाचे व्हिसा पुन्हा सुरू झालेत. सगळ्यांचे मिळाले. सगळ्यांचे म्हणजे डेक्लन, नंदिनी, आणि मॉसी व बर्नी यांचे; स्वरूपाला आणि मला लागत नाही. मॉसींनी आयुष्यात पहिल्यांदा एवढी मोठी रजा काढलीय, बर्नीने उन्हाची टोपी घेतलीय, डिसेंबरात! शिनेड पुढच्या खेपेला येणार म्हणते. पंधरा तारखेला आम्ही मुंबईत उतरतो, तिथून गाडी करून दुपारपर्यंत साताऱ्यात.

गावाला तोंड द्यायचं म्हणालात ना? मी देते. मला भरपूर तोंड आहे, तुम्हीच म्हणत आलात. कुणी विचारलं हे कोण, तर सांगेन, हे माझे व्याही, कचऱ्याची लॉरी चालवतात, सगळं जग दारं लावून बसलं होतं तेव्हा रोज कामावर जात होते. हा जावई, आजारी माणसांना ढकलत नेतो, स्वतः मरता मरता वाचलाय. ही लेक. हिच्या बापाने हिच्या नावाने आंघोळ केली होती, पण पाणी कमी पडलं.

तुम्ही घरात थांबायचं की नंदकुमार भावोजींकडे जाऊन बसायचं, ते तुम्ही ठरवा. गच्चीवर गेलात तरी चालेल. नंदिनी आता चालते, जिने चढते, आणि दिसेल त्या माणसाची पँट धरून ‘अप! अप!’ म्हणते. मराठी सगळं कळतं तिला, पण उत्तर त्यांच्या इंग्रजीत देते. तुम्ही तिला उचललं नाहीत तर ती सोडत नाही, एवढं आधीच सांगून ठेवते.

दार उघडायला उठायची तसदी घेऊ नका. माझी किल्ली माझ्या पर्समध्ये आहे.

तेवढ्या गाद्या उन्हात घालून ठेवा. सहाजणांच्या.

वसुधा